शेवटच्या रांगेत बसून ठरवा: खानदेशातल्या घरासाठी सात सीटर निवडताना

शोरूममध्ये पाय टाकला की तुम्हाला आधी स्टिअरिंगमागे बसवतात. टचस्क्रीन दाखवतात, सनरूफ उघडून दाखवतात. सात सीटर घ्यायला गेला असाल तर तिथून उतरा आणि सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसा. दार लावून, दहा मिनिटं. या गाडीचे जास्तीचे पैसे त्या मागच्या दोन सीटांसाठीच मोजायचे आहेत. त्या कामाच्या नसतील तर पाच सीटची चांगली गाडी कमी पैशात येते.

खानदेशात ही परीक्षा जरा कडक घ्यावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, लग्नसराई नि आखाजीही (अक्षय्य तृतीया) त्याच सुमारास येते आणि शेवटच्या रांगेची काच बहुतेक सात सीटरमध्ये उघडतच नाही. मागे बसलेल्याला हवा मिळते ती फक्त एसीची.

आधी दिवस मोजा

घरात माणसं किती, हा प्रश्न अर्धाच आहे. मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा आणि पाचपेक्षा जास्त माणसं एकाच गाडीतून गेली असे दिवस मोजा: कानबाईच्या सणाला सुरतेहून भाऊबंद आले तेव्हा, वणीच्या गडावर गेलात तेव्हा, पद्मालय, सारंगखेड्याची यात्रा, हिवाळ्यातली भरीत पार्टी, नात्यातली लग्नं. बेरीज १५ च्या आत असेल तर त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी परवडते. घरासाठी पाच सीटर घ्या. ४० च्या वर गेली तर सात सीटर हवीच. मधला आकडा आला तर पुढचा प्रश्न विचारा: मागे कोण बसणार?

बारा वर्षांपर्यंतची पोरं कुठल्याही तिसऱ्या रांगेत खुशाल बसतात. मोठा माणूस बसणार असेल तर बघायचं ते गुडघ्याकडे. मागची सीट जमिनीच्या जवळ असते, त्यामुळे मांड्या सीटला टेकत नाहीत, गुडघे वर येतात आणि सगळा भार कमरेवर पडतो. साडेपाच फुटांचा माणूस मागे बसवा आणि मांडी व सीट यांच्यामधून तळहात सरकवून बघा. पूर्ण हात गेला तर त्या सीटवर तासाभराच्या पुढे कमर दुखणार. ही तपासणी करताना मधली रांग पुढे ओढलेली नसावी. दाखवताना ती हमखास पुढे ओढून ठेवतात. मधल्या रांगेत आधी माणूस बसवा, त्याला पाय ऐसपैस ठेवू द्या, मग मागे जा.

आजी-आजोबा मागे बसणार नाहीत, हे गृहीतच धरा. त्यांच्यासाठी मधल्या रांगेची उंची बघायची. सीट कमरेच्या उंचीला असेल तर माणूस आत सरकतो. खाली असेल तर बसताना पडल्यासारखं होतं नि उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. नऊवारीतल्या आजींना दारातून एकदा चढवून-उतरवून बघितलं की ब्रोशर वाचायची गरज राहत नाही.

आरसी बुकात सात सीट लिहिलेल्या असतात त्यात ड्रायव्हर धरलेला असतो. ट्रायबर, एर्टिगा, कॅरेन्स यांच्या मागच्या रांगेत पट्टे दोनच असतात. 'पोरं आहेत, बसतील चार' हा हिशेब अपघातात आणि विम्याच्या दाव्यात, दोन्हीकडे महागात पडतो.

कोणत्या गाड्यांतून निवडायचं

चार मीटरच्या आतल्या सात सीटरांपैकी एक रेनॉ ट्रायबर. इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ताकद सुमारे ७२ पीएस. मागच्या दोन्ही सीटा उचलून घरी ठेवता येतात, हे तिचं खरं वैशिष्ट्य. मारुती एर्टिगा सुमारे ४.४ मीटरची, १४६२ सीसीची. टोयोटाची रुमियन म्हणजे तीच गाडी दुसऱ्या बिल्ल्याची, आणि एक्सएल-६ म्हणजे तीच सहा सीटांची. किया कॅरेन्स २०२२ साली आली. ती ४.५४ मीटर लांब आहे आणि तिच्यात पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल असे पर्याय आहेत. त्यावर इनोव्हा, दोन प्रकारांची. क्रिस्टा चेसिसवरची, मागच्या चाकांना ताकद देणारी, २३९३ सीसी डिझेल. हायक्रॉस मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी चेसिस नसलेली, पुढची चाकं ओढणारी, पेट्रोल किंवा हायब्रिड.

आणि बोलेरो. खानदेशात तिचं नाव निघाल्याशिवाय गाडीची चर्चा पुरी होत नाही. शेतरस्त्याला ती उत्तम, पण तिची शेवटची बाकडी समोरासमोर, आडवी आहेत. शेतावर मजूर नेण्याआणण्यापुरतं ते चालतं. पोरांना घेऊन महामार्गावर जायला आडवी सीट नकोच. मागून ठोकर बसली तर तिथे माणसाला धरून ठेवणारं काही नसतं.

डिकी: सात माणसं बसली की काय उरतं

सातही सीटा उभ्या असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर जागा उरते, एर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६, क्रिस्टात सुमारे ३००. लिटर डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून असं धरा: ८४ लिटरमध्ये दोन दप्तरं आणि डब्याची पिशवी. २०९ मध्ये दोन छोट्या चाकांच्या बॅगा उभ्या राहतात आणि वर एखादी पिशवी. माहेरपणाहून निघालेल्या लेकीसोबत येणारं दादर ज्वारीचं अर्धं पोतं, पापड-कुरडयांचा डबा आणि केळीचा घड यांना जागा नाही. एर्टिगाची मागची रांग पाडली की हीच जागा ५५० लिटर होते. थोडक्यात, गाडी एक तर सात माणसांची किंवा पाच माणसं नि भरपूर सामानाची. दोन्ही एकदम हवं असेल तर इनोव्हाच्या खाली बघू नका.

वर कॅरिअर लावायचा विचार असेल तर छतावर किती किलो चालतं ते गाडीसोबतच्या पुस्तकात बघा. तो आकडा वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो. छतावरचं वजन वळणावर गाडी कलवतं, आणि एव्हरेज पाडतं ते वेगळंच.

एसी: इथे घाई करू नका

शोरूमची गाडी सावलीत उभी असते आणि एसी आधीच चालू असतो. म्हणून चाचणी मागायची ती दुपारी १ ते ३ मध्ये, तीही एप्रिल-मेत मिळाली तर सोन्याहून पिवळं. गाडी अर्धा तास उन्हात, काचा बंद करून उभी करायला सांगा. दोनतीनशे रुपयांचे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या; एक पुढच्या सीटच्या डोक्याजवळ, एक शेवटच्या सीटच्या डोक्याजवळ टांगा. गाडी सुरू करून पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालवा म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाते. मग काचा लावा, एसी पूर्ण थंड, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू, मागचा पंखा पूर्ण.

दहा मिनिटांनी दोन्ही आकडे वाचा. मागचा आकडा पुढच्यापेक्षा पाच अंशांहून जास्त असेल तर ती गाडी खानदेशात मागे माणसं बसवायच्या कामाची नाही. आता रस्त्याच्या कडेला थांबा आणि इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं उभे राहा, रेल्वे फाटकावर थांबल्यासारखे. इंजिन नुसतं गुरगुरत असतं तेव्हा कॉम्प्रेसरही मंद फिरतो आणि समोरून वारा नसल्याने कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी एसीची जाळी) नीट थंड होत नाही. कमकुवत एसी इथेच उघडा पडतो: झरोक्यातून आधी गार, मग कोमट, मग नुसता वारा.

सेल्समनला एक प्रश्न नेमका विचारा: मागे वेगळी कूलिंग कॉइल आहे, की पुढची हवा ओढून मागे सोडणारा नुसता पंखा? वेगळी कॉइल असेल तर मागे खरोखर थंडावा तयार होतो. नुसता पंखा असेल तर पुढे जेवढं गार होईल त्याचं उष्टं मागे येतं. शिवाय झरोका नक्की कोणत्या रांगेसाठी आहे तेही बघा. छतातला झरोका मधल्या रांगेच्या डोक्यावर असेल तर तिथल्या माणसाचे कान गार पडतात आणि मागून आवाज येतोच, 'भाऊ, मांगे हवाच येस नही!'

आतली हवा फिरवणारं बटण तासन् तास चालू ठेवू नका. सात माणसांच्या श्वासाने हवा जड होते, मुलांचं डोकं दुखतं, ड्रायव्हरला पेंग येते. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. धुळीमुळे केबिन फिल्टरही लवकर तुंबतो. दर ५,००० किलोमीटरला काढून झटकला तर बदलायची वेळ लांबते आणि हवेचा जोर टिकतो.

काळी फिल्म लावून देतो म्हणणारे भेटतील. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. त्यापेक्षा दारात बसणारे गुंडाळी पडदे बरे, गाडी उभी असताना तर उत्तमच. रंग पांढरा किंवा चंदेरी. राहिलं सनरूफ. उन्हाळ्यात त्याचा पडदा उघडत नाही, पावसाळ्यात काच उघडत नाही. हौस म्हणून घ्या, पण त्यासाठी मागचा एसी असलेलं मॉडेल सोडू नका.

इंधन: कागद-पेन घेऊन बसा

एक किलोमीटरचा खर्च म्हणजे इंधनाचा दर भागिले खरं एव्हरेज. कंपनीचं एव्हरेज इथे चालत नाही. एसी चालू, माणसं भरलेली, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. एर्टिगा पेट्रोलचा कंपनीचा आकडा २० च्या वर आहे, हिशेबाला १४ धरा. सीएनजीचा २६ च्या आसपास आहे, २० धरा.

आता उदाहरण. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १०५ ÷ १४ = साडेसात रुपये किलोमीटरला. सीएनजी ९२ रुपये किलो धरला तर ९२ ÷ २० = ४ रुपये ६० पैसे. वाचले २ रुपये ९० पैसे. सीएनजी मॉडेल ९५ हजारांनी महाग धरलं तर ते वसूल व्हायला सुमारे ३३ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला १५ हजार चालणाऱ्याला सव्वादोन वर्षं, ८ हजार चालणाऱ्याला चार. तुमच्या गावचे आजचे दर टाकून हीच मांडणी करा.

सीएनजीबद्दल दोन गोष्टी शोरूममध्ये आपणहून कोणी सांगत नाही. एर्टिगाची सीएनजी टाकी ६० लिटरची असली तरी तिच्यात गॅस बसतो प्रत्यक्षात आठ-नऊ किलो, म्हणजे १६० ते १८० किलोमीटर. पंपावर प्रेशर कमी असेल तर तेवढाही भरत नाही. जळगाव ते सुरत साधारण तीनशे किलोमीटर आहे, वाटेत निदान एकदा रांगेत उभं राहावं लागणारच. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा पंप सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा. रांग अर्ध्या तासाची असेल तर वाचलेले पैसे तिथे फिटतात. दुसरं, टाकी डिकीत बसते. वरचे २०९ लिटर विसरा. सातही माणसं आणि सीएनजी म्हणजे प्रत्येकाच्या मांडीवर आपापली पिशवी. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवावं लागतं.

डिझेल घ्यायचं तर रोजचं चालणं बघा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते. ती जाळी स्वतःला तापवून साफ करते, पण त्यासाठी गाडी सलग १५-२० मिनिटं चांगल्या वेगाने चालावी लागते. घर ते दुकान तीन किलोमीटर, दुकान ते शाळा दोन किलोमीटर, असं चालवलं की जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिन ताकद कमी करतं. दिवा दिसला की गाडी धुळे-जळगाव महामार्गावर काढा आणि एक गिअर खाली ठेवून वीस मिनिटं चालवा. तो दिवा आठवडाभर तसाच ठेवला तर मात्र वर्कशॉपचं मोठं बिल येतं. वर्षाला २० हजार किलोमीटर आणि त्यातलं बरंचसं महामार्गावर, असं असेल तरच डिझेल.

चाचणी भरलेल्या गाडीची

रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे नुसता फेरफटका. घरची सहा माणसं सोबत न्या. ड्रायव्हरसह साडेचारशे किलो होतात. चढ शोधा. धुळेकरांना लळिंग घाट जवळ, चाळीसगावकरांना कन्नड घाट, शहाद्याच्या लोकांना तोरणमाळचा रस्ता. सपाट गावात राहत असाल तर रेल्वेवरचा उड्डाणपूल चालेल. चढाच्या मध्यावर थांबा, एसी चालू ठेवूनच पुन्हा निघा. क्लचचा वास आला किंवा गाडी दोनदा बंद पडली तर समजा, इंजिनाला हा भार जड आहे. ट्रायबरबद्दल स्पष्ट सांगायचं तर सात माणसं, एसी आणि घाट या तिन्ही गोष्टी तिला एकदम झेपत नाहीत. पाच माणसांची, गावातली गाडी म्हणून ती छान आहे.

मग गावातला एखादा उंच गतिरोधक गाठा. ब्रोशरातला ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असतो. माणसं बसली की मागची बाजू दबते आणि पोट घासतं. हळू, तिरकं नेऊनही घासलं तर त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्याने ती गाडी घेऊ नये.

पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतापर्यंत न्यायची असेल तर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीकडून फार अपेक्षा नको. मागे माणसं भरली की वजन मागच्या धुऱ्यावर जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि चिकणात फिरत राहतात. एर्टिगा, कॅरेन्स, हायक्रॉस, सगळ्यांचं हेच. तिथे क्रिस्टा किंवा बोलेरो. उलट घाटात मागच्या रांगेत ओकारी होण्याचं प्रमाण उंच, चेसिसवरच्या गाडीत जास्त, कारण ती वळणावर जास्त डुलते. रोज शेत की महिन्याला घाट, हे तुमचं तुम्ही ठरवा.

लहान मुलाची सीट लावणार असाल तर ती शोरूममध्ये घेऊन जा आणि मधल्या रांगेत ड्रायव्हरच्या मागे बसवून बघा. डाव्या बाजूला बसवली तर मागे जायची वाट तीच अडवते, आणि उजव्या बाजूने चढायचं म्हणजे रस्त्याच्या बाजूने.

सुरक्षेचे तारे बघताना वर्षही बघा. गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१९ मध्ये एर्टिगाला तीन, २०२१ मध्ये ट्रायबरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार, २०२२ मध्ये कॅरेन्सला तीन तारे दिले. हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपचे पाच मिळाले. चाचणीनंतर मॉडेलमध्ये एअरबॅगा वाढलेल्या असतात, म्हणून तुम्ही घेताय त्या व्हेरिअंटमध्ये किती आहेत ते लेखी घ्या.

कोटेशन वाचताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४०. ट्रायबर आणि बोलेरो १८ मध्ये बसतात, एर्टिगापासून पुढच्या सगळ्या ४० मध्ये. मधली किमतीची उडी त्यातूनच येते.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स: पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, पुढे १३. डिझेलला हेच १३, १४, १५. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. गाडी स्वतःच्या, फर्मच्या की कंपनीच्या नावावर घेताय, ते आधी ठरवा. कंपनीच्या नावावर २० टक्के लागतो. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात, तो आयकर विवरणपत्रात दाखवून परत किंवा वजा मिळतो, पावती ठेवा.

विमा डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशनं आणली की डीलरचा आकडा आपोआप खाली येतो. थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, आणि त्याचा दर १००० आणि १५०० सीसीच्या टप्प्यांवर बदलतो. १४६२ सीसीची एर्टिगा मधल्या टप्प्यात, इनोव्हा वरच्या. सात सीटरला प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा जोडून घ्या, तो थोड्या पैशात मिळतो. 'हँडलिंग चार्ज' अशी ओळ दिसली तर काढायला सांगा.

आणि पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी लग्नसराईत भाड्याने देण्याचा मोह टाळा. अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं निघालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

सुरतेची जुनी गाडी

खानदेशातल्या अनेकांची नजर सुरतेच्या जुन्या गाड्यांवर असते, तिथे भाव कमी वाटतो. त्यात आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), महाराष्ट्रात नव्याने रोड टॅक्स आणि नवा नंबर हे धरा, मगच तुलना करा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट. तो शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर निघा. सीटखालचे बोल्ट, गालिच्याखालचा पत्रा, स्टेपनीची खोबण यांवर गंज असेल तरी तेच. क्रिस्टा बघताना ती आधी टॅक्सी होती का हे आरसीच्या इतिहासात तपासा. मीटर ६० हजार दाखवतो आणि क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड नि ड्रायव्हरची सीट गुळगुळीत झिजलेली, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

ताबा घेताना

गुढीपाडवा, आखाजी, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये पन्नास गाड्या रांगेत असतात आणि तपासायला कोणालाच वेळ नसतो. म्हणून तपासणी मुहूर्ताच्या तीन-चार दिवस आधी, गाडी तुमच्या नावावर नोंद होण्यापूर्वी, भर उजेडात करा. चॅसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. चारही टायर नि स्टेपनीचे आकडे जवळपासचे हवेत. मागचा एसी पुन्हा चालू करून बघा, मधली रांग दोन्ही बाजूंनी पाडून-उचलून बघा, तिसऱ्या रांगेचे पट्टे ओढून बघा. जॅक, पाना आणि टो हूक जागेवर आहेत का ते बघा.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. वणीला निघायच्या आदल्या रात्री दुसरा आकडा भरायचा, टायर थंड असताना. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नका. रात्री टायर थंड झाला की तोच दाब कमी भरतो, आणि कमी हवेचा टायर दुसऱ्या दिवशी भर वजनात कडेने तापून फुटतो.